मशीन्स लॅबमधला तो तक्ता

आपल्या मशीन्स लॅबमध्ये शिरलं की डाव्या हाताला एक तक्ता टांगलेला आहे. विजेचा धक्का बसल्यावर काय करायचं, त्याचा. त्यावर एक माणूस पालथा पडलाय आणि दुसरा त्याच्या पाठीवर दाब देतोय. आपण रोज त्याच्याखाली बॅगा ठेवतो आणि जर्नल पूर्ण करायला पळतो. तुमच्यापैकी कितीजणांनी तो वाचलाय? मी वाचलाय. माझ्या मामामुळे.

मामा वायरमन होता. टेस्टर कसा धरायचा, फ्यूज कसा बांधायचा, हे मला त्यानेच शिकवलं. मी दहावीत असताना एका मोटरचा स्टार्टर दुरुस्त करताना त्याला शॉक बसला आणि तो कोसळला. माणसं जमली. कुणीतरी लगेच मेन स्विच बंद केला, इथपर्यंत सगळं बरोबर झालं. पुढे कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला, कुणी तळपाय चोळले, कुणी रिक्षा आणायला धावलं. धडपड सगळ्यांची मनापासून होती. पण छाती दाबायची असते हे कुणाला माहीतच नव्हतं. पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर येऊन त्यांनी ते सुरू करेपर्यंत किती वेळ गेला? कुणी पाच मिनिटं सांगतं, कुणी दहा. हृदय पुन्हा चालू झालं, मामा वाचला. आजीने देवीला नारळ फोडला.

काही दिवसांनी लक्षात आलं की तो पूर्ण परत आलेला नाही. जेवून उठला की विचारायचा, "पानं घेतली का गं?" मोठे डॉक्टर म्हणाले, "हायपॉक्सिक ब्रेन इंजरी." मी कॉन्व्हेंटची, म्हणून घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला शब्द कळले होते. पण आजीने विचारलं, "म्हणजे नक्की काय झालं गं त्याला?", तेव्हा मला मराठीत एक सरळ वाक्य बोलता आलं नाही. त्याची लाज अजून वाटते. म्हणून हे उत्तर, जरा उशिराच.

आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन तो घेतो सुमारे २० टक्के. आणि साठा जवळपास शून्य. आपल्या भाषेत सांगायचं तर लोड मोठा आणि यूपीएस नाही. हृदय थांबलं की १०-१५ सेकंदांत शुद्ध जाते. चार-पाच मिनिटांनंतर पेशींचं कायमचं नुकसान सुरू होतं. पेशीच्या आतले-बाहेरचे क्षार मापात ठेवणारे सूक्ष्म पंप असतात, ते ऊर्जेअभावी बंद पडतात. कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी आतूनच मोडायला लागते. वाईट म्हणजे रक्त परत सुरू झाल्यावरही ही मोडतोड काही तास, कधी काही दिवस चालूच राहते. शॉकच लागायला हवा असं नाही. बुडणं, घशात घास अडकणं, बंद बाथरूममधला गॅस गिझर, यांनीही मेंदूचा ऑक्सिजन तुटतो.

मेंदूचे सगळे भाग सारखे नाजूक नसतात. नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस सगळ्यात आधी मार खाणाऱ्यांपैकी एक. म्हणून मामाला १९९८ सालची सचिनची शारजातली १४३ ची इनिंग आठवते, पण सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नाही. नातेवाईक म्हणतात, "सोयीचं तेवढं बरं आठवतं!" कुणी बाहेरची बाधाही सांगून गेलं. अहो, नाटक नाही ते. जुनी फाइल उघडते, नवी सेव्ह होत नाही, एवढंच. आता तो वही ठेवतो, मोबाइलमध्ये गजर लावतो, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. मी गेले की बऱ्याचदा विचारतो, "दहावीचा अभ्यास कसा चाललाय?" मी म्हणते, "चांगला चाललाय, मामा."

असो. मुद्दा त्या तक्त्याचा. ती पालथं झोपवून पाठ दाबायची पद्धत केव्हाच मागे पडली. आणि तिच्या जागी जे आलं ते शोधलं कुणी? इलेक्ट्रिकल इंजिनियरांनी! अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला विल्यम कौवेनहोवेन नावाचे इलेक्ट्रिकलचे प्रोफेसर होते. शॉकने लाइनमन मरतात, म्हणून ते विजेचा हृदयावरचा परिणाम अभ्यासत होते. १९५८ मध्ये त्यांच्या हाताखालच्या गाय निकरबॉकर या तरुण इंजिनियरच्या लक्षात आलं की डिफिब्रिलेटरचे जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर दाबले की रक्तदाब थोडा वाढतो. मग सर्जन जेम्स ज्यूड यांच्यासोबत १९६० मध्ये या तिघांनी छाती दाबण्याची पद्धत जगापुढे मांडली. आपल्याच ब्रँचचं काम, आणि व्हायवाला कुणी एक प्रश्न विचारत नाही!

पद्धत अवघड नाही. आधी सप्लाय बंद. हलवून, हाक मारून बघा. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येतायत, तर एकाने १०८ ला फोन करायचा. दुसऱ्याने माणसाला कडक जमिनीवर उताणं ठेवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायचं. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. बुडालेल्याला तोंडाने श्वासही द्यावा लागतो, ते शिकूनच घ्यायला हवं. याने हृदय सुरू होईलच असं नाही, पण मेंदूला थोडं रक्त मिळत राहतं. अॅम्ब्युलन्स कितीही चांगली असली तरी आपल्या ट्रॅफिकमधून चार मिनिटांत कशी येणार? ती चार मिनिटं शेजारी उभ्या असलेल्याची असतात.

"आपण काय डॉक्टर आहोत? बरगडी मोडली तर?" असं एका मित्राने विचारलं. मोडू शकते. पण बरगडी जुळते रे, मेंदूची पेशी जुळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण फायलिंग करून चौकोनी जॉब बनवण्यात तासन्‌तास घालवतो. त्यातले दोन तास पुतळ्यावर छाती दाबायला शिकण्यासाठी द्या. लॅब असिस्टंट, मेसचे काका, वॉचमन यांनाही बोलवा. आणि तो तक्ता बदला. लेख वाचून हात बसत नाही, तो सरावानेच बसतो.

ज्यांना पटलं असेल त्यांनी आपल्या सीआरकडे नाव द्या. पंचवीस नावं झाली की अर्ज घेऊन प्रिन्सिपॉल सरांकडे जायचं आहे. पहिलं नाव मी लिहिलंय.