काचेच्या कपाटातील आगगाडी

यंदाच्या विज्ञान-प्रदर्शनात आपल्या विद्यार्थ्यांनी मांडलेली आगगाडीची प्रतिकृती पाहावयास पालकांची जी गर्दी लोटली, तिचा आनंद प्रस्तुत लेखकासही झाला. परंतु प्रदर्शन आटोपते न आटोपते तोच, ‘ही गाडी आता काचेच्या कपाटात घालून सभागृहात ठेवावी, म्हणजे तिला कोणाचा हात लागणार नाही,’ अशी सूचना पुढे आली आणि ती बहुतेकांस पसंतही पडली. मला ती पसंत नाही, आणि तसे स्पष्ट सांगण्यासाठीच हा लेख आहे.

ग्वाल्हेरकरांना हौसेची आगगाडी नवी नाही. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर धावणारी चांदीची गाडी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्यातील सुरई उचलली की गाडी जागीच थांबे. माधवराव महाराजांना या विषयाचा छंदच होता. राजवाड्याच्या आवारात मौजेखातर घातलेल्या रुळांतूनच पुढे दोन फुटी मापाची, श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर जाणारी रेल्वे वाढली. २०२० मध्ये ती गाडी थांबली. आज पाचवीत शिकणाऱ्या मुलास तिची आठवण असण्याचा संभव कमीच. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रतिकृतीसाठी हीच गाडी निवडली, आणि तीही कोणी सुचविले नसताना, याचे मला कौतुक वाटते.

प्रमाण ठरले एकास सत्याऐंशी. या प्रमाणाने २०० किलोमीटरचे सुमारे २३०० मीटर होतात, आणि जागा तर आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा एका प्लायवूडच्या फळीपुरती! तेव्हा काय ठेवावे आणि काय गाळावे यावर आठ दिवस वाद झाला. अखेर ग्वाल्हेर, जौरा, सबलगढ आणि श्योपूर एवढी स्थानके राहिली. रुळांतील अंतर हिशेबाने ७ मिलिमीटर हवे होते, पण बाजारात तयार रूळ मिळाले ते ९ मिलिमीटरचे. ही तडजोड पत्करून त्या मापाच्या तयार इंजिनावर पुठ्ठ्याचे कवच चढविण्यात आले. गणिताच्या तासाला प्रमाणाची उदाहरणे टाळणारी मुलेही येथे आपण होऊन पट्टी घेऊन बसली होती.

खरी परीक्षा तारांची झाली. अशा गाडीत १२ व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह रुळांतूनच इंजिनाला मिळतो. एक रूळ धन, दुसरा ऋण. दोहोंची अदलाबदल केली की गाडी उलट दिशेने धावू लागते. इतके सर्वांना पाठ होते. परंतु श्योपूरहून गाडीने तोंड फिरवून त्याच रुळावर परतावे म्हणून मुलांनी शेवटी एक फेरा घातला, आणि तेथेच घात झाला. प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळी कळ दाबताच नियंत्रकावरील तांबडा दिवा लागला आणि इंजिन हालेना. ट्रान्सफॉर्मर बदलून पाहिला, इंजिनाची चाके पुसली, एकमेकांवर दोषारोपही यथेच्छ झाले.

दोष शोधला तो आठवीतील एका विद्यार्थिनीने. तिला (सांगावयास संकोच वाटतो) आम्ही झाडे रंगविण्याचे काम दिले होते, कारण तारा मुलांनी जोडावयाच्या असे आम्ही न बोलताच गृहीत धरले होते. तिने कागदावर मार्ग काढून एक रूळ तांबड्या आणि दुसरा निळ्या पेन्सिलीने गिरविला. फेरा पूर्ण होताच तांबडी रेघ निळीला जाऊन मिळाली! डावा रूळ फिरून उजव्याला भिडत होता. शॉर्ट सर्किट झाले ते तेथे. मग फेऱ्याच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापून फटी ठेविल्या, आतल्या भागाला निराळ्या तारा दिल्या, आणि गाडी फेऱ्यात असतानाच मुख्य मार्गाचे धन-ऋण उलटावे म्हणून एक कळ बसविली. रात्री नऊ वाजता गाडी वळून परत आली. त्या रात्री विद्युत्-मंडल म्हणजे काय हे त्या मुलांना कळले. माझ्या व्याख्यानांनी वर्षभरात ते त्यांना कळले होते, असे मी म्हणणार नाही.

आता कपाटाचा विचार करा. काचेतून दिसतील ती पुठ्ठ्याची स्थानके आणि रंगविलेली झाडे. फळीखालच्या तारा कोणास दिसणार? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र-संस्थेत १९४६ पासून विद्यार्थ्यांचे एक प्रतिकृती-रेल्वे मंडळ आहे. तेथे फळीखालच्या टेलिफोनच्या रिलेंशी झटापट करणाऱ्यांतूनच पुढे संगणकाचे काही आद्य हौशी कारागीर निघाले. पुण्यातील भाऊसाहेब जोशी यांचे १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय पाहा. तेथेही गाड्या धावतात, नुसत्या मांडून ठेवलेल्या नाहीत.

काही पालक म्हणतात, दहावीच्या वर्षी हा वेळेचा अपव्यय आहे. हा आक्षेप पोकळ नाही. शनिवारचे दोन तास ठरवावेत आणि त्यापलीकडे जाऊ नये, हे मला मान्य आहे. घरातील विजेला जोडलेली पेटी शिक्षकांनीच हाताळावी, मुलांचा हात १२ व्होल्टच्या पलीकडे जाऊ नये, हेही मान्य. पण कपाटाऐवजी निदान पुढच्या वर्षी संगणकीय नियंत्रणाची तयार गाडी विकत आणावी, असे जे सुचविले जाते, ते मात्र अमान्य. बिघडली की ती दुकानात जाईल. शिकेल तो दुकानदार.

दहावीची मुले येत्या एप्रिलमध्ये नसतील. तारांचा नकाशा अर्धाच काढून झाला आहे. सबलगढच्या पुढे गाडी अजून मंदावते, कारण रुळांच्या जोडांतून प्रवाह नीट पोचत नाही. तेथे आणखी दोन ठिकाणी डाख देऊन तारा जोडावयाच्या आहेत. ते काम आठवी-नववीच्या मुलामुलींकडे सोपवावे, आणि कपाटाचे माप घेऊन गेलेल्या सुताराला तूर्त थांबावयास सांगावे, अशी मुख्याध्यापकांस माझी विनंती आहे.