संगणकावरील 'ळ' आणि घरचें दप्तर

जळगांव आणि धुळें या खानदेशांतील दोन्ही प्रमुख शहरांच्या नांवांत 'ळ' हा वर्ण आहे. हिंदींत तो रूढ नसल्यामुळें तींच नांवें 'जलगाँव' आणि 'धुले' अशीं लिहिलीं जातात. शेजारच्या वऱ्हाडाच्या नांवांत तर त्याहूनही नाजूक असा अर्धा 'ऱ' आहे. संगणकावर मराठी लिहूं लागलेल्या मनुष्याची परीक्षा अशाच ठिकाणीं होते. हल्लीं मुंजीच्या निमंत्रणपत्रिकेपासून कुलवृत्तांतापर्यंत घरचें बहुतेक लेखन संगणकावरच तयार होतें. तेव्हां आपण लिहिलेलें अक्षर त्या यंत्रांत कोणत्या रूपानें राहतें, हें घरांतील वडील मंडळींनींही समजून घेणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

संगणकास अक्षर ठाऊक नसतें; त्यास केवळ अंक कळतो. प्रत्येक अक्षरास एक अंक नेमून दिलेला असतो आणि त्या अंकावरून पडद्यावर आकृति उमटते. १९९० नंतरच्या दशकांत देवनागरीचे जे टंक, म्हणजे फाँट, घरोघरीं व छापखान्यांत पसरले, त्यांपैकीं पुष्कळांनीं रोमन अक्षरांच्याच अंकांवर देवनागरी आकृति बसविल्या होत्या. 'कृतिदेव' या प्रसिद्ध फाँटमध्यें 'दिनांक' हा शब्द लिहिला, तर यंत्राच्या दप्तरीं नोंद होते ती 'एफ, एन, यू, के, ए, डी' या सहा रोमन अक्षरांची. वेलांटी डोळ्यांस डावीकडे दिसते, म्हणून तिची नोंदही 'द'च्या आधीं! असा मजकूर कागदावर छापून निघाला कीं सुरेख दिसतो. परंतु तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडतांच त्याचीं निरर्थक रोमन अक्षरें होतात.

हा घोळ मिटविणारी युनिकोड नांवाची जागतिक अंकयोजना १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत देवनागरीसाठीं १२८ स्थानें राखलेलीं असून 'ळ' आणि 'ऱ' यांस आपापले स्वतंत्र अंक आहेत. 'ॲ' हें अक्षर २००८ सालीं त्यांत आलें. येथें 'दि' लिहितांना आधीं 'द' आणि मग वेलांटी, असाच क्रम चालतो. फाँट बदलला तर अक्षराचें वळण तेवढें बदलतें, अक्षर बदलत नाहीं.

जपानी लोकांपुढें याहून मोठा पेंच होता. त्यांच्या हजारों चित्राक्षरांस पुरतील इतक्या कळा कोणत्या यंत्रावर बसवाव्या? १९७८ सालीं तोशिबा कंपनीनें जें जपानी लेखनयंत्र जाहीर केलें, त्यांत शब्दाचा उच्चार 'काना' या वर्णांनीं लिहावयाचा, यंत्रानें त्यास जुळणारीं चित्राक्षरें पुढें करावयाचीं आणि एकाच उच्चाराचे अनेक शब्द असल्यास निवड लिहिणारानें करावयाची, अशी युक्ति योजिली होती. आपल्याकडील मुलें मोबाइलवर रोमन अक्षरांत उच्चार लिहून मराठी मिळवितात, तो प्रकार याच जातीचा. सोय मोठी आहे. मात्र निवडीची जबाबदारी आपणांवरच राहते. लग्नाच्या हिशेबांत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत भेद केवळ एका 'ऱ'चा. तो चुकला, तर गुरुजींची दक्षिणा स्वयंपाक्याच्या खातीं पडावयाची! इन्स्क्रिप्ट या भारतीय कळफलकावर 'ल'च्या कळीसह शिफ्ट दाबल्यास 'ळ' आणि 'र'च्या कळीसह दाबल्यास 'ऱ' उमटतो. त्या 'ऱ'पुढें हलन्ताची कळ दाबून मग 'य' किंवा 'ह' लिहिला कीं काम झालें.

हा प्रश्न केवळ शुद्धलेखनाचा नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांचें १९२६ सालीं धुळ्यास देहावसान झालें; त्यांच्या नांवें तेथें स्थापन झालेल्या संशोधन मंडळांत त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेल्या कागदपत्रांचा संग्रह आहे. मोडी जाणणारा मनुष्य भेटला कीं दोनशें वर्षांपूर्वींचा कागद आजही वाचतां येतो. उलट वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं हौसेनें तयार केलेला कुलवृत्तांत, त्याचा फाँट हरवल्यास, घरांतील कोणासही वाचतां येऊं नये, अशी पाळी येते. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांचीं गाणीं आप्तांनीं लिहून ठेविलीं, म्हणूनच त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं तीं ग्रंथरूपानें मराठी वाचकांस मिळालीं. आज एखाद्या सुनेनें आजेसासूबाईंच्या ओव्या टिपून ठेविल्या आणि त्या यंत्रांत नुसत्या आकृतिरूपानें राहिल्या, तर तिचे श्रम पुढील पिढीच्या हातीं लागणार नाहींत.

म्हणून वाचकांस आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली, जुन्या मजकुराच्या एका ओळीची नक्कल करून ती मोबाइलवर संदेशरूपानें पाठवून पाहावी. ती देवनागरींतच दिसली तर चिंता नाहीं. रोमन अक्षरें दिसलीं तर तो मजकूर युनिकोडांत आणवावा. त्याचीं साधनें आतां उपलब्ध आहेत. दुसरी, रूपांतर झालेला मजकूर मूळ छापील प्रतीशीं ताडून पाहावा. रफार, अर्धा 'ऱ' आणि जोडाक्षरें यांवर विशेष लक्ष ठेवावें. तिसरी, शुद्ध केलेली एक प्रत चांगल्या कागदावर छापून घरच्या दप्तरांत ठेवावी.

एकत्र कुटुंबांत हें काम जड नाहीं. एकानें छापील प्रत मोठ्यानें वाचावी, दुसऱ्यानें पडद्यावर ताडावें आणि शंका आल्यास वडिलांस विचारावें. कोणत्या काकूंचें माहेर कोणतें, हें यंत्रास ठाऊक नसतें, आणि तें सांगणारीं माणसें सदैव आपल्याजवळ राहत नाहींत.