ती अधिसूचना कुठे अडली?

दरवर्षी २५ जूनला आणीबाणीचा निषेध करणाऱ्यांना आणि वर्षभर खिशात संविधान घेऊन फिरणाऱ्यांना, माझा दोघांनाही एकच प्रश्न आहे. ४४व्या घटनादुरुस्तीच्या कलम ३चं काय झालं?

मिसाचा अनुभव ताजा असताना जनता सरकारने ही दुरुस्ती केली. खटल्याशिवाय कुणाला डांबायचं तर सल्लागार मंडळाच्या संमतीविना तीन नव्हे, दोनच महिने. आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने. संसदेने मंजूर केलं. फक्त अधिसूचना काढायची होती. ती आजतागायत निघालेली नाही. जनता पक्षाने काढली नाही, काँग्रेसने नाही, वाजपेयींनी नाही, मोदींनी तर नाहीच.

बाकी कायद्यांचंही तेच. २००२ साली भाजपने पोटा आणला, काँग्रेसने कडाडून विरोध केला. २००४मध्ये यूपीएने तो रद्द केला आणि त्याच दमात त्यातली बरीच कलमं यूएपीएत घातली. २००८मध्ये जामीन जवळपास अशक्य केला तोही यूपीएनेच. २०१९ला व्यक्तीलाच दहशतवादी ठरवायची दुरुस्ती आली. काँग्रेसवाले राज्यसभेत विरोधात बोलले आणि मत मात्र बाजूने दिलं!

पुढच्या वेळी खासदार दारात आले की त्यांचं भाषण निवांत ऐकून घ्या. मग अधिसूचनेची तारीख विचारा.