चमकणाऱ्या कणांचे योग्य स्थान

मुंबईच्या गोवंडी उपनगराच्या एका बाजूस ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तर दुसऱ्या बाजूस देवनारची कचराभूमी. केंद्राने टीएजी-२४ सारखी भुईमुगाची वाणे शेतकऱ्यांना दिली. कचराभूमीवर १९२७ पासून शहराचा कचरा साचत गेला. शेतीत नवी वस्तू आणताना ती कोणत्या कामाची आणि काम सरल्यावर ती कोठे जाणार, हे दोन्ही प्रश्न विचारावे, असा बोध या शेजारातून घेता येतो. रंगद्रव्य भरलेल्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्मकणांविषयी हे प्रश्न आजच विचारणे अगत्याचे आहे.

काही रंगद्रव्ये अतिनील अथवा निळा प्रकाश शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणास अनुस्फुरण म्हणतात. अशी पुष्कळ रंगद्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ती पॉलिस्टायरिनसारख्या बहुवारिकाच्या, मिलिमीटरच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाएवढ्या कणांत भरतात. एका कणात रंगद्रव्याचे अनेक रेणू मावत असल्याने त्याचा प्रकाश ठळक उमटतो. दोन रंगद्रव्ये जवळ ठेविली, तर एकाने शोषलेली ऊर्जा दुसऱ्याकडे जाते आणि त्यांचे प्रमाण बदलून हवा तो रंग मिळविता येतो. मात्र दाटी अति झाली की चमक मंदावते. दाट पेरलेले पीक खुरटते, तसाच हा प्रकार.

या कणांचा शेतकऱ्यास खरा उपयोग आहे तो अफलाटॉक्सिनच्या तपासणीत. ओलसर भुईमूग व मका यांवर वाढणारी बुरशी हे विष निर्माण करते. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या सीमाभागात बुरशीयुक्त मका खाल्ल्याने यकृताचा विकार होऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष डोळ्यांस दिसत नाही. युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्यांसाठी त्याची मर्यादा किलोमागे केवळ ४ मायक्रोग्रॅम आहे. चमकणारे कण लावलेल्या तपासणीपट्टीवर दाण्यांचा अर्क सोडला असता काही मिनिटांत रेघ उमटते. अशा पट्ट्यांत साधारणतः विष जितके अधिक, तितकी रेघ फिकी; वाचकयंत्राने तिचे मोजमाप होते. बाजार समितीत अशी तपासणी मिळाल्यास चांगल्या मालास सदोष मालाच्या भावात जावे लागणार नाही.

हरितगृहाच्या आच्छादनात अनुस्फुरक रंगद्रव्ये घालून हिरव्या प्रकाशाचे तांबड्यात रूपांतर करण्याचे प्रयोगही झाले आहेत. परंतु ऊन लागून रंगद्रव्य फिके पडते, आणि रूपांतरित प्रकाशाचा काही भाग पिकाकडे न येता आकाशाकडे परततो. म्हणून आपल्या हवामानात, आपल्या पिकांवर चाचणी झाल्याखेरीज अशा आच्छादनावर पैसा घालू नये.

हे कण मोकळे फवारावे किंवा जमिनीत मिसळावे, या कल्पनेस मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. पॉलिस्टायरिन मातीत सहजासहजी कुजत नाही. एवढा बारीक कण एकदा मातीत गेला, की तो वेचून काढता येत नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी पेटली तेव्हा शहरावर दिवसेंदिवस धूर राहिला आणि फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे सर्वांस कळले. तेथील कचरा निदान डोळ्यांस दिसतो. शेतात मिसळलेले हे कण दिसणारही नाहीत.

सारांश, पट्टीत बंदिस्त असलेले कण स्वीकारार्ह होत. वापरलेल्या पट्ट्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी मात्र पुरवठादारावर असावी. मातीत मिसळावयाचे कण, ते निरुपद्रवी घटकांत विघटित होतात असे प्रत्यक्ष शेतात सिद्ध होईपर्यंत, शेतकरी बंधूंनी नाकारावे. आणि तपासणी हाती येईपर्यंत शेंगा उन्हात नीट वाळवून कोरड्या जागी साठविणे, हाच अफलाटॉक्सिनवरील सर्वांत स्वस्त उपाय होय.