नवा शिक्षक टिकवायचा कोणी?

जून उजाडला की मुख्याध्यापकांच्या बैठकीत पटानंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला: तुमच्याकडे किती पदं रिक्त? शिक्षण हक्क कायद्याचं कलम 26 सांगतं की शाळेतल्या मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या राहता कामा नयेत. द्विशिक्षकी शाळेतून एक जण बदलून गेला की थेट पन्नास टक्के होतात. उरलेला शिक्षक केंद्राच्या बैठकीला गेला, तर पहिलीच्या मुलांचे पाढे चौथीची मुलगी घेते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

भरतीचा वेग हे दुखणं आहेच. पवित्र पोर्टलसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, दुसरी थेट 2023 मध्ये. मधल्या काळात डी.एड. झालेली कितीतरी मुलं दुसऱ्या धंद्याला लागली. पोर्टलमुळे जिल्हा परिषदेची नेमणूक गुणवत्तेवर होते, हे मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पण नेमणूक झाली म्हणजे माणूस टिकला असं नाही. कोकणातल्या शाळांना हे वेगळं सांगायला नको. मराठवाड्यातला किंवा विदर्भातला उमेदवार वाडीवरच्या शाळेत रुजू होतो, आणि त्याचा जीव पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीत असतो. त्यात त्याची चूक काय? शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची. प्राथमिकचं हे मानधन 2023 पर्यंत सहा हजार होतं, आता सोळा हजार आहे. त्यात खोलीभाडं, गावाकडच्या फेऱ्या आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे. तलाठी भरतीचं पुस्तक त्याच्या पिशवीत दिसलं तर नवल वाटू नये.

मानधन आपल्या हातात नाही. पण त्याची वर्षं शाळेत कशी जातात, हे बरंचसं आपल्याच हातात आहे. ‘पोरगं मोबाइलमध्ये हुशार आहे’ म्हणत यू-डायस, पोषण आहाराची रोजची नोंद, वरून आलेली प्रत्येक लिंक त्याच्याच गळ्यात घालायची आणि वर्षाच्या मध्येच त्याचा वर्ग बदलायचा, ही रीत आपली आहे, मंत्रालयाची नाही. शिकवायला आलेला माणूस वर्षभर माहिती भरत बसला, तर त्याला या कामाची गोडी लागणार कधी?

तेव्हा मुख्याध्यापकांना विनंती आहे. नव्या शिक्षकाला एक वर्ग द्या आणि तो वर्षभर त्याच्याकडेच ठेवा. ऑनलाइन कामं सगळ्यांत वाटा, स्वतःसकट. गावात खोली मिळवून द्यायला व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना सोबत घ्या. आणि त्याच समितीच्या पुढच्या बैठकीत रिक्त पदांचा ठराव कलम 26 चा उल्लेख करून इतिवृत्तात नोंदवा, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.