लाल अक्षरांना का भ्यायचं?

परवा आमच्या बचत गटाचा कॉम्प्युटर अगदी हट्टाला पेटला. कर्जाच्या अर्जासोबत बँकेला जमाखर्चाच्या प्रती द्यायच्या होत्या आणि नव्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर काही केल्या बसेना. पडद्यावर एकच पालुपद : रिपॉझिटरीची माहिती मिळाली नाही, इंटरनेट तपासा. नेट तर छान चालू! दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, हे लिनक्स काढा, फॉरमॅट मारून टाकू." गटाचे सगळे हिशेब त्यातच, दुसरी प्रत नाही (ही चूक आमचीच). तरी बायका माना डोलवायला लागल्या. "आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

मला या वाक्याचा भारी राग येतो. मिक्सर बंद पडला तर आपण आधी प्लग बघतो ना? मग इथेच हात का टेकायचे? मी तरी कोण, साधी बी.ए., तेही मराठी घेऊन!

पुण्यात शिकणाऱ्या पुतणीला फोन लावला. "काकू, टर्मिनल उघडून 'सुडो ॲप्ट अपडेट' लिहा आणि काय येतं ते वाचून दाखवा." वाचलं. ओळीओळीला 404, म्हणजे त्या पत्त्यावर ती वस्तू नाही. रिपॉझिटरी म्हणजे सॉफ्टवेअरचं कोठार. आमचं उबुंटू 23.10. ऑक्टोबर 2023 मध्ये आलेली ही आवृत्ती नऊच महिन्यांची, जुलै 2024 मध्ये तिची मुदत संपली. नंतर तिचं कोठारच जुन्या आवृत्त्यांच्या जागी हलवलं गेलं. शेजारीण घर बदलून गेली आणि आम्ही आपली तीच कडी वाजवतोय!

आधी हिशेब पेन ड्राइव्हवर घेतले. मग 'सोर्सेस डॉट लिस्ट' या फाइलची प्रत ठेवून तिच्यातल्या पत्त्यांत 'इन डॉट आर्काइव्ह' आणि 'सिक्युरिटी' या शब्दांच्या जागी 'ओल्ड-रिलीजेस' लिहिलं. एक स्पेलिंग चुकलं, पुन्हा लाल अक्षरं, पुन्हा फोन. पण झालं. मात्र जुन्या कोठारात सुरक्षेची नवी दुरुस्ती येत नाही, म्हणून तिथेच न थांबता 24.04 वर गेलो. तिला 2029 पर्यंत मुदत आहे.

प्रती सोमवारी बँकेत पोचल्या. ती मुदत आता गटाच्या वहीत, हप्त्यांच्या तारखांशेजारीच लिहून ठेवलीय.