शब्दांच्या सहवासात : गाडी

‘गाडी आली’ हे दोन शब्द कानी पडताच आपल्या मनापुढे कोणते चित्र उभे राहते? फलाटावरील प्रवाशास आगगाडी दिसेल, शहरातील गृहस्थास दाराशी थांबलेली मोटार दिसेल आणि खेड्यातील आजोबांस बैलांच्या गळ्यातील घुंगरांचा नाद ऐकू येईल. शब्द एकच, वाहन मात्र ज्याचे त्याचे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी चौदा डब्यांनिशी निघाली. बैलांवाचून धावणाऱ्या या नव्या वाहनास मराठी माणसाने जुनेच नाव दिले. त्याआधी ‘आग’ एवढे जोडले की काम भागले. पुढे मोटारगाडी आली, तान्ह्या बाळाची बाबागाडीही आली.

हिंदी, गुजराती व बंगाली भाषिकही गाडीच म्हणतात. तेलुगूत तिला ‘बंडी’ म्हणतात, तर तमिळमध्ये ‘वंडी’. पुण्याच्या वाचकास बंडी म्हणजे अंगात घालावयाचे वस्त्र. परंतु विदर्भातील शेतकरी बैलगाडीसच बंडी म्हणतो. शेजारच्या भाषेशी असलेला घरोबा हा असा बोलण्यातून दिसून येतो.

बैलगाडी रस्त्यावरून कमी झाली तरी आपल्या भाषेतून ती गेलेली नाही. चाकांनी वाटेवर पाडलेली खोल रेघ ती चाकोरी. म्हणून नवे काही करणारा मनुष्य ‘चाकोरीबाहेरचा’ ठरतो. जुवाचा भार वाहणारा तो धुरंधर; म्हणून कर्त्या पुरुषाने वा स्त्रीने घराची ‘धुरा’ सांभाळली असे आपण म्हणतो. आणि संसार? तो तर गाडाच! दोन्ही चाके सारखी चालली तरच तो पुढे सरकतो.

परंतु शब्द राहतो आणि त्यामागील वस्तू विस्मरणात जाते, तेव्हा अर्थही हळूहळू निसटतो. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण मुले शाळेत पाठ करतात. थोरांच्या सोबतीने लहानाचाही लाभ होतो, हा तिचा भावार्थ त्यांना सांगता येतो. पण नळा म्हणजे काय, असे विचारून पाहा. बहुतेकांस पाण्याचा नळ आठवेल! वास्तविक नळा म्हणजे आसाला घालावयाचे वंगण ठेवण्याची, गाड्याला टांगलेली बांबूची नळी. गाडा पंढरीस निघाला की तिलाही आपोआप यात्रा घडे.

वाचकहो, आपल्या घरी वा गावी बैलगाडी हाकलेले कोणी वडीलधारे असतील, तर एखाद्या संध्याकाळी मुलांना त्यांच्याजवळ बसवा. आरे, तुंबा, धाव, शिवळ ही नावे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. आपल्या प्रांतात त्यांना निराळी नावे असतील, तर तीही वहीत टिपून ठेवावीत. जाणती माणसे आहेत तोवरच हे विचारता येईल. सुटलेली गाडी पुन्हा मिळेल, पण ही संधी पुन्हा येणार नाही.